आकाशावरची हिरवी शाई

अल्माटी, १४ ऑक्टोबर २००९, बुधवार

प्रिय काम्शात,

मुलंबाळं, गुरंढोरं सुखरूप ना? माझं अक्षर ओळखून तू पाकीट चुलीत टाकलं नसशील, एवढ्या आशेवर लिहिते आहे. इकडे सफरचंदं उतरवून झाली. माझे गुडघे वेधशाळेच्या पायऱ्यांना शिव्या देतात.

वेधशाळा तू आता ओळखणार नाहीस. आपण भिंगाला डोळा लावून आकाशाच्या फोटोची एकेक काच तपासायचो. आता संगणक सकाळच्या चहाआधी शेकडो तारे हुडकून देतो, आणि एकावरही कुणा माणसाचं नाव नसतं. नवी पोरं विचारतात, एका ताऱ्याचं एवढं काय होतं तुम्हाला? मी हसण्यावारी नेते.

आपल्या जुन्या काचा स्कॅन होताहेत. आधी त्यांवरच्या शाईच्या खुणा पुसायच्या. ते काम मोल्दिर नावाची मुलगी करते आणि कोणती खूण कुणाची हे सांगायला मी शेजारी बसते. जांभळी माझी, हिरवी तुझी. काचेच्या कोऱ्या बाजूवर खूण करायची सोडून तू कितीदा तारे उमटलेल्या बाजूवरच शाई टेकवायचीस. "पुन्हा आकाशावर लिहिलंस?" म्हणून साहेब चिडवायचे. ती शाई मग निघायची नाही.

सोमवारी १९८१ची ती काच आली. आपल्या नवताऱ्याची.

'आपल्या' लिहून गेले बघ. अजून भित्रीच आहे मी.

मोल्दिरनं स्पिरिटनं माझं जांभळं वर्तुळ पुसलं. त्याच्या रेघेखालून एक हिरवा ठिपका निघाला. तिनं घासून पाहिलं, तो जाईना.

"आपा, हा आकाशाच्या बाजूला आहे. ब्लेडनं खरवडू?"

येत्या शुक्रवारी समारंभ आहे. त्या ताऱ्याचा मोठा फोटो दालनात लागणार, खाली माझं नाव. माझी नातवंडं येणार आहेत. मी म्हणाले, "खरवड."

तिनं ब्लेड टेकवलं. हिरवी कणी उडाली. त्या वर्षी तू आईला माती द्यायला गावी गेलीस, त्याच आठवड्यात मी तुझं हिरवं वर्तुळ पुसलं, वर माझं काढलं आणि साहेबांना दाखवलं. दुसऱ्या बाजूचा ठिपका मला दिसलाच नाही. परत येऊन 'तारा मी हुडकला' असं तू सांगत राहिलीस तेव्हा साहेबांनी तुझ्यापुढे जांभळं वर्तुळ धरलं. मी खिडकीबाहेर बघत होते. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस.

मी मोल्दिरचा हात धरला. "थांब. ही खूण काम्शातची आहे. ताराही तिचाच."

तिनं ब्लेड खाली ठेवलं. खुर्ची जरा लांब सरकवली.

काल संचालकांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, शुक्रवार होऊन जाऊ दे, मग बघू. म्हणून स्कॅनचा फोटो आणि माझा कबुलीजबाब तुला पाठवते आहे. ठिपका अर्धाच उरला आहे. बाकीचा या वयातही मीच खरवडायला लावला.

शुक्रवारी मी नातवंडांसमोर उभी राहून सांगणार आहे. हे पत्र पोचेल तोवर शुक्रवार उलटून गेलेला असेल. मी बोलले नसेन, तर हा कागद घेऊन तू ये आणि सगळ्यांना दाखव.

सही जांभळ्या शाईनं करते आहे, म्हणजे या वेळी कोणती खूण कुणाची, यात गोंधळ नको.

तुझी शाई पुसणारी,
राबिगा