आईच्या साडीच्या पट्ट्या

१७ नोव्हेंबर

दुकान सोडायचं. ठरलं.

जागामालकाचा मुलगा स्वतः आला होता, बुधवार पेठेतून थेट विश्रांतवाडीला. पप्पांना बघायला. म्हणजे, हे आता परत शटर उघडणार नाहीत ना, ते बघायला! पप्पांच्या नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. समाधान झालं असावं. चहा पिऊन गेला.

पप्पा म्हणाले, "हार आणायचा विसरला वाटतं."

१९ नोव्हेंबर

दुकानात गेले. शटर गंजलंय, शेजारच्या दुकानदाराने आणि मी मिळून जोर लावून वर केलं. आत टीव्ही, रेडिओ, टेप, डीव्हीडी, कुणाकुणाचे मॉनिटर. लोक दुरुस्तीला टाकून गेले ते गेलेच. पप्पांनी एक म्हणून काढला नाही. त्यांचा नियम — माल गिऱ्हाइकाचा, मालक येईपर्यंत टाकायचा नाही.

आणि प्रत्येकाची वायर तळहात-कोपर, तळहात-कोपर अशी गुंडाळून, वर आईच्या जुन्या साडीची पट्टी बांधलेली. रबरबँड उन्हाळ्यात वितळतात म्हणून. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पट्ट्या तिच्याच. मोरपंखी, जांभळी, ती लाल काठाची. सगळं दुकान म्हणजे आईचं कपाट! फक्त पांढरी साडी तिथे नाही. ती विहारात वंदनेला नेसायची. घरी पेटीत आहे, तिला कधी कात्री लागली नाही.

यावर लिहायला पाहिजे. एकच वाक्य, पानभर, वायरीसारखं गुंडाळत नेलेलं. बसले लिहायला. स्वतःलाच हुशार समजणारं वाक्य झालं. फाडलं.

२२ नोव्हेंबर

धूर. संध्याकाळ झाली की नदीकडून येतो. थंडीत वर जातच नाही, गल्लीत बसून राहतो. खिडक्या लावल्या, दाराखाली ओला टॉवेल.

पप्पा डोळे मिटून — "वायरी जाळतायत. तांब्यासाठी. आज चार्जरच्या जास्त आहेत, बारीक."

"वासावरनं कळतं?"

"मग काय, पत्रिकेवरनं?"

हसले. मग खोकला. मी मशीनचा काटा थोडा वाढवला.

२५ नोव्हेंबर

दशरथकाका आले. भंगारवाले. आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येतात, पप्पांचे जुने दोस्त.

"ताई, दुकानातलं सगळं मी नेतो."

नेऊन काय करता, विचारलं.

"फोडतो. विकतो. उरलं ते नदीवर."

तोंडावर! म्हटलं, मग नको काका. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या पूर्णिमाने एका कंपनीचा नंबर दिलाय. सरकारमान्य. येऊन घेऊन जातात, शिसं-पारा वेगळा काढतात, सर्टिफिकेट देतात.

काका म्हणाले, "बरं. फ्रेम करून लावा."

२८ नोव्हेंबर

पप्पांनी ऐकलं, पण आधी मालकांना विचार म्हणाले. मागच्या झाकणांवर नंबर आहेत, लावत बसले. अर्धे बंद. एक बाई म्हणाल्या, "अजून आहे तो? अगं बाई!" आणि हसतच सुटल्या. एक काका — "आम्ही आता भिंतीवरचा घेतलाय, तो तुम्हीच बघा." कुणालाच नको.

पप्पांना सांगितलं. म्हणाले, "जाळायचं नाही पण. कुणाच्या छातीत जायला नको."

"शब्द देते."

"शब्दच आहेत तुझ्याकडे. लेखिका ना."

३ डिसेंबर

टेम्पो येऊन गेला. निळे शर्ट, हातमोजे, सगळं व्यवस्थित. दुकान रिकामं! भिंतीवर टीव्हींचे फिकट चौकोन राहिलेत.

संध्याकाळी सर्टिफिकेट मेलवर. प्रिंट काढून पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं — 'पर्यावरणपूरक पद्धतीने विल्हेवाट'. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, उशीखाली ठेवला.

मला किती हलकं वाटलं. लिहून ठेवते — आज हलकं वाटलं.

६ डिसेंबर

आई आजच्या दिवशी पांढरी साडी नेसून पुतळ्याला जायची. पप्पांना सोडून मला जाता आलं नाही. मेणबत्ती लावली, पण बाहेर, पायरीवर. मशीनपासून लांब.

११ डिसेंबर

धूर दुप्पट. काळा. मशीनचा काटा शेवटपर्यंत नेला तरी पप्पांचे ओठ निळसर.

रोज सांगतात कसली वायर ते. आज एकदा नाकाने ओढून बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

१३ डिसेंबर

नदीवर गेले. भांडायला गेले होते. व्हिडिओ काढायचा, टाकायचा, सगळं ठरवून.

बाभळीखाली टीव्हींची खोकी पडलेली, पोटं फाडलेली. राखेतून हिरवट पाणी नदीकडे चाललेलं. आणि बाभळीच्या काट्यांना पट्ट्या. जांभळी. लाल काठाची.

एक बाई वायरींचा गुंता पेटवत होती. डोळे लाल. तिने मोरपंखी पट्टीने केस बांधले होते.

"कुठनं आलं हे?"

"टेम्पोतनं. निळं शर्टवालं देत्यात. चांगलं त्ये ठिवून घेत्यात, ह्ये आमाला." मग माझ्याकडे बघून — "चिंध्या पाहिजेत व्हय? न्या की. किती हायेत."

मी ओरडायला गेले होते. तिच्या केसांत माझी आई होती. कशी ओरडणार?

जांभळी पट्टी काढून घेतली. बोटात काटा गेला.

१४ डिसेंबर

कंपनीला फोन. "मॅडम, ज्याला व्हॅल्यू नाही ते व्हेंडरकडे जातं. व्हेंडर पुढे काय करतो ते आमच्या अंडर येत नाही."

महापालिकेत तक्रार दिली. हद्द कुणाची ते बघून कळवतो म्हणाले.

म्हणजे आमच्याच दुकानाचा धूर. पप्पांच्याच छातीत. मी पाठवलेला. दशरथकाका निदान खरं बोलले होते.

पप्पांना सांगितलेलं नाही.

१६ डिसेंबर

"किती दिवस खिशात हात घालून फिरणार? काढ काय ते."

काढली. पप्पांनी पट्टी हातात घेतली, गुडघ्यावर सरळ केली.

"मला त्या दिवशीच कळलं. जुन्या लाकडी खोक्याचं वॉर्निश जळत होतं. तसले सेट आता कोण ठेवतं, माझ्याशिवाय?"

"मग बोलला का नाहीत?"

श्वास पुरेना. थांबून थांबून म्हणाले, "तू ते सर्टिफिकेट वाचत होतीस ना... तेव्हा तुझा चेहरा... तुझ्या आईसारखा... माझ्या हिरासारखा दिसत होता."

मी रडले तर म्हणाले, "खिडकी नीट लाव आधी."

१९ डिसेंबर

आता त्यांना बोलवत नाही. पट्टी मनगटाला बांधून घेतलीय.

२१ डिसेंबर

पप्पा सकाळी गेले. मशीन तरी घरघरतच होतं, मीच बंद केलं. त्याच्यात बिघाड काही नाही.

माणसं जमलीत. दशरथकाका दारात बसलेत. त्यांनी मशीनकडे बघितलं. मागितलं नाही.

मी वायर काढली. तळहात-कोपर, तळहात-कोपर. पेटी उघडून आईची पांढरी साडी घेतली. काठाकडून एक पट्टी फाडली आणि बांधली.

मालक येईपर्यंत टाकायचं नाही.