दुसऱ्या पेटीतली चिठ्ठी

४ जानेवारी २०२६, रविवार

माफ कर. ऑगस्टपासून तुला उघडलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणार होतो, पण ते खोटं. होतं. चांगलं नव्हतं, एवढंच.

आज चर्चच्या उपासनेत वर्षाची प्रार्थनेची यादी वाचली. आजारी, परीक्षेला बसलेले, नोकरी नसलेले, आणि शेवटी — विवाहासाठी: बंधू रत्नाकर! बाकीची तीन नावं पंचविशीतली. मी सत्तेचाळीस. यादी टाईप करणाराही मीच, मंडळीचा सेक्रेटरी. पूर्वी स्वतःच्या नावाशी हात थांबायचा. हल्ली थांबत नाही.

दारात शकुमावशींनी गाठलंच. "रत्नाकर, औंदा तरी ऐकतो का रे देव? का तूच त्याच्या आडवा येतो?" सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

६ जानेवारी

कुंभाच्या कामासाठी रस्ता खणलाय. नाशिक रोडहून कॉलेजच्या लायब्ररीत कामावर पोचायला पाऊण तास. तेवढा वेळ एकच विचार — राग नक्की कोणावर?

नगरचा वधूवर मेळावा आठवला. छातीवर एकतीस नंबर. एका मुलीच्या भावानं विचारलं, "आई तुमच्याकडेच असतात का?" आई शेजारीच बसली होती. तरी दर डिसेंबरला माझ्या लग्नासाठी चर्चमधल्या विनंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकतच राहिली. आणि मी? आलेला प्रत्येक नकार मनात तिच्या नावावर लिहिला. ती जाऊन तीन वर्षं उलटली, अजून खोडला नाही.

मी स्वतः कधी मागितलं का? नाही. मागितलं आणि मिळालं नाही, तर विश्वासाचं काय करायचं, ही भीती. आई मागत होती तोवर माझं भागत होतं.

८ जानेवारी

चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणालो, यादीतून माझं नाव काढा.

"चिठ्ठी कोणाची?"

"माहीत नाही. आई गेल्यापासून कोणीतरी टाकतं. सही नसते, नुसतं 'रत्नाकर' लिहिलेलं असतं."

"मग त्यालाच विचार. मागणं ज्याचं असेल, त्यानंच मागे घ्यायचं. मी कोण काढणारा?"

चांगला न्याय! नाव माझं, मागणं भलत्याचं.

११ जानेवारी, रविवार

मी चिठ्ठ्या फेकत नाही. २०२२ पासूनच्या चारही काढल्या. एकच अक्षर, निळी शाई. मागे आखीव चौकोन. रविवारच्या शाळेच्या हजेरीचा कागद! म्हणजे छायाबाई. आपल्या मंडळीत मुलांना शिकवणाऱ्या त्या एकट्याच.

त्यांची कीव मला नको. स्वतः विधवा, आणि माझ्यासाठी बायको मागताहेत! बुधवारी जाऊन तोंडावर सांगणार.

१४ जानेवारी, बुधवार

सांगितलं. फार वाईट बोललो. "माझ्या लग्नाची काळजी तुम्ही करू नका," असं दारातच.

त्या म्हणाल्या, "आत या. आज संक्रांत, शेजारणीनं तिळगूळ दिलाय. तो खा आणि मग भांडा."

चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. "माझ्याच आहेत. पण मी विनंतीच्या पेटीत कधी टाकल्या? मी तर उपकारस्तुतीच्या टाकल्या!"

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दाराशी दोन पेट्या असतात. एक देवाकडे मागायची, एक त्याचे आभार मानायची. मी घरी नेतो आणि दोन्ही एकाच टेबलावर उपड्या करतो. चिठ्ठी वाचून कळतंच, कुठली कशातली. नुसतं 'रत्नाकर' वाचून मला काय कळलं? आईचंच मागणं कोणी पुढे चालवतंय असं धरलं, आणि कीव वाचली. चारही वर्षं.

"आभार कशाचे?" विचारलं.

"आमच्या यांना, संतोषना, डायलिसिसला नेत होतात ना. तुमच्या गाडीत ते झोपायचे. घरी डोळ्याला डोळा लागत नसे. तुम्ही रेडिओसुद्धा लावायचा नाहीत."

रेडिओ बिघडलेला होता. हे बोललो नाही. बोलायला हवं होतं?

मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे चार वर्षं अख्खी मंडळी तुमच्या लग्नासाठी गुडघे टेकतेय, ते माझ्या चिठ्ठीवरून? धन्य आहे सेक्रेटरीसाहेब! यादी दुरुस्त करा, आणि आधी मला आणून दाखवा. तुमचा भरवसा नाही."

घरी येऊन २०२२ ची वही काढली. "मंगळवार. परत संतोष. माणूस एक शब्द बोलत नाही. माझी सकाळ फुकट." शुक्रवारीही तेच. पानामागून पान. ज्या सकाळींना मी शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी कोणी देवाचे आभार मानत होतं! ते मी घेऊ कसे? परत करायला जागाही नाही. संतोष २०२३ च्या मार्चमध्ये गेले. चिठ्ठी तरी येतच राहिली.

१५ जानेवारी

सकाळीच छायाबाईंकडे गेलो. रेडिओचं सांगितलं, वहीतलंही. त्या म्हणाल्या, "शिव्या घालत होतात, पण येत होतात. एक दिवस चुकला नाही. चहा ठेवू?"

दोन कप प्यायलो.

यादी दुरुस्त केली. त्यांची चिठ्ठी उपकारस्तुतीत गेली. विवाहाच्या खाली तीन नावं उरली. चौथी ओळ रिकामी. दुपारभर तिच्याकडे बघत होतो. मग कागदाचा तुकडा फाडला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. हात थांबला. बऱ्याच वर्षांनी.

उद्या: पाळकसाहेबांना सांगणे — नाव राहू द्या, या वेळी चिठ्ठी माझी आहे.