खांद्यावरचा हात

मंगळवार, ३ मार्च

यंदा शाळेतल्या निवडक हुशार मुलांच्या ऑनर सोसायटीत माझी निवड झाली नाही तर मी बोलणं सोडणार. कुणाशी, ते ठरलेलं नाही. सिग्नेला विचारलं, तुला नको का गं? म्हणाली, "मला झोप हवीय, मारेन." जुळी बहीण. चेहरा हुबेहूब माझा, पण हाव सगळी माझ्याच वाट्याला आली.

सोमवार, ९ मार्च

बाबांनी सकाळीच टाय बांधला! कुणी मेलेलं नाही. म्हणजे शाळेकडून निरोप आलाय. निवडीचं आधी आईबापांनाच कळवतात, मुलांना पत्ता लागू देत नाहीत. मग जुने सभासद भर वर्गात येऊन खांद्यावर हात ठेवतात आणि मागून आईबाप फुलं घेऊन उगवतात.

"टाय? सहज गं," आई म्हणाली. मी बशी बाजूला सारली. माझा नाश्ताही सिग्नेने खाल्ला.

संध्याकाळ — झालं! रसायनशास्त्राच्या तासाला बारावीचा कॉलिन आला. हात माझ्या खांद्यावर! आई-बाबा आत आले ते सरळ सिग्नेच्या बाकाकडे निघाले. मध्येच थबकले. आईने एकदा फुलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सिग्ने जोरजोरात टाळ्या पिटत होती. शेवटी फुलं मला मिळाली. बाबा म्हणाले, "छान. बाहेर बर्फ वितळायला लागलंय."

मंगळवार, १० मार्च

घरात कुणी काही बोलत नाही. आम्हा मिनेसोटाच्या लोकांत चूक दाखवणं हे चुकण्यापेक्षा वाईट. आईने केक केला. वर नुसतंच 'अभिनंदन', नाव नाही. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.

मी काही खुळी नाही. कॉलिनचा हात चुकला. जागा सिग्नेची आहे. मला लाज वाटते. तरी फुलांना पाणी घातलं.

गुरुवार, १२ मार्च

उद्या शपथविधी. एकेका गुणाच्या नावाने मेणबत्ती लावतात; मी लावायची ती चारित्र्याची. चारित्र्याची!

शुक्रवार, १३ मार्च

सोसायटीचं काम बघणाऱ्या ब्रँडवॉल्डबाईंना सांगून टाकलं — कॉलिन चुकला, आम्ही दोघी सारख्या दिसतो ना.

"कॉलिन नाही चुकला," बाई म्हणाल्या. "सिग्नेची निवड झाल्याचं तुझी आई फोनवर बोलत होती, ते सिग्नेने ऐकलं. मग तिनेच त्याला गळ घातली, हात मारेनच्या खांद्यावर ठेव म्हणून. आत्ताच येऊन सांगून गेली, तू कबूल करायला येशीलच म्हणाली."

तिथेच रडले. कुणी आपल्याला इतकं ओळखावं, याचा रागही आला.