शून्य पत्त्यावरची जागा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता मीही निवृत्तीला आले. डोळे लवकर थकतात, बोलायचाही कंटाळा येतो. परवा कपाट आवरताना आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा छापील गठ्ठा हाती लागला, कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदांचा. रद्दीत द्यायचा म्हणून खाली काढला आणि तिथंच फतकल मारून वाचत बसले. त्यातलं एक पान तुमच्याशी बोलल्याशिवाय टाकवेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

उद्यमनगरातली आपली पत्र्याची खोली, ऐंशीच्या दशकातली. शेजारी दिवसभर लेथ चालायची, म्हणून आपण दोघंही ओरडूनच बोलायचो. कॉम्प्युटरचं मशीन मोजके तास मिळायचं, बाकीचं काम कागदावर. त्यासाठी तुमची एक जगावेगळी पद्धत होती. मेमरी म्हणजे तुम्ही आणि प्रोग्रॅम म्हणजे मी. तुमच्यापुढं पुठ्ठ्यावर आखलेली घरं, त्यांत चिंचोके. मी ओळ वाचते, "आठ घरं द्या," की तुम्ही मोजून आठ चिंचोके माझ्याकडं सरकवता. चिंचोके संपले की हात झटकून म्हणता, "न्हाय गं, संपलं. फुडं चल." आणि आपण पुढच्या पानाकडं वळतो. एवढी शिकलेली माणसं दिवसभर चिंचोके खेळतात, म्हणून वहिनी तुमची चेष्टा करायच्या.

घोळ तिथंच झाला. मशीनच्या मेमरीत प्रत्येक मोकळ्या जागेत पुढच्या मोकळ्या जागेचा पत्ता लिहिलेला असायचा आणि पुढं काही उरलं नसेल तर पत्त्याऐवजी शून्य. ते शून्य आलं की थांबायचं आणि जागा संपली म्हणून कळवायचं, एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती. पण खेळात तुम्ही आपणहोऊन थांबायचात. माणसाला हात रिकामा झाल्याचं सांगावं लागत नाही, मशीनला लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही एकदा विचारलंतही, "शून्याचं बघितलीस न्हवं?" मला भूक लागली होती, डबा उघडायचा होता. मी न बघताच "व्हय सर" म्हणून मोकळी झाले.

जुन्या मशीनवर ते खपून गेलं. तिथं शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरही नुसतं शून्यच असायचं, त्यामुळं जागा पुरेशी नाही असं समजून प्रोग्रॅम गुमान परत यायचा. मग तुम्ही नवी चिप आणलीत. सगळ्यांशी भांडून आणलीत. या चिपमध्ये त्याच पत्त्यापासून पुढं, मशीननं अडीअडचणीला कुठं जायचं ते लिहिलेलं असतं. माझ्या प्रोग्रॅमनं तिथले आकडे वाचले, ही भलीमोठी मोकळी जागा आहे असं समजून ती वाटून टाकली आणि त्या सूचना पुसून तिच्यावर दुधाचे आकडे लिहिले.

तेही ज्यांच्या हिशेबासाठी आपण हे सगळं बनवत होतो, त्या दूध संघाच्या माणसांसमोर. सकाळभर सगळं झकास चाललं होतं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दोन वर्षांचं काम त्या दिवशी पसंत पडणार होतं. दुपारी गावांची यादी लांबली, मेमरी भरली आणि पडदा जागच्या जागी गोठला. बटणं दाबून दाबून माझी बोटं दुखली. त्यांचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "ह्यापरीस आमचा वहीवाला बरा की, पावणं." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चूक माझी हाय, सायेब," एवढंच म्हणालात.

पुढचे तीन दिवस मी तो गठ्ठा वाचत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पान सापडलं. एक ओळ घातली, मशीन संध्याकाळपर्यंत अडलं नाही. तुम्ही धावत आलात. "काय हुतं गं?" मी म्हणाले, "ह्या नव्या चिपचा घोळ हाय, सर. तिच्यात शून्यावर भलतंच असतंय." यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही मी सांगितलं नाही. तुम्ही खुर्चीत बसलात. "म्हंजे मीच चुकलो निवडताना," म्हणालात. दूध संघ परत आला नाही. वर्षभरात तुम्ही खोली बंद करून गडहिंग्लजला गेलात, शाळेत गणित शिकवायला लागलात आणि पुन्हा कुठल्याही मशीनला हात लावला नाहीत. चिप चांगलीच होती, सर. पुढं मी तिच्यावरच कितीतरी वर्षं काम केलं.

तुम्ही आजारी पडल्याचं कळलं तेव्हा सगळं सांगायचं ठरवूनच मी एसटीत बसले होते. वाटेत कागलपर्यंत वाक्यंही जुळवली होती. तुम्ही खूप वाळला होता. बघायला आलेल्या शेजाऱ्यांना उशीवरूनच सांगायला लागलात, "माझ्या चुकीमुळं समदं बसलं हुतं. हिनं तीन दिसांत शोधून काढलं. लई हुशार हाय पोरगी." सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी मान खाली घालून हसले आणि चहा प्यायले. तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, सर. मला ते ऐकायला फार आवडलं होतं. आज तुम्ही समोर बसून पुन्हा तेच म्हणाला असता, तर मी आजही गप्पच राहिले असते.