नवसाच्या कोंबड्याविषयी तक्रार

कुंजाडी,
बिसूच्या सणानंतरचा मंगळवार

आपल्या मूळ घराचे यजमान, माझ्या थोरल्या मावशीचे चिरंजीव, ती. धूमण्णा यांच्या चरणी धाकट्या थ्यांपण्णाचा वाकून नमस्कार. (वाकताना डावा गुडघा कट्कन वाजतो, तो आवाजही नमस्कारातच धरावा.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पहिला डोळा साफ झाल्यावर त्यांनी तुम्हाला नीट पाहिलं, तेव्हा त्या काय म्हणाल्या ते तुम्ही कळवलं नाहीत. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर हे पत्र मी माजघरात बसून, दाराला आतून कडी घालून, दोन्ही पाय बाकावर घेऊन लिहितो आहे. डाव्या पोटरीला पट्टी आहे आणि दाराच्या फटीतून एक नारिंगी डोळा माझ्याकडे बघतो आहे.

अण्णा, चौथीत पंडित मास्तर आपल्याकडून कोंबड्याची कविता चालीवर म्हणून घ्यायचे, ते आठवतं का? ‘ऊठ ऊठ बाळा, आला तुरेवाला, सोन्याची कवाडं उघडून गेला.’ तुम्ही तेव्हा मागच्या बाकावर झोपलेले असायचात (यजमानपणाची लक्षणं माणसात लहानपणीच दिसतात), पण मी ती कविता पिऊन टाकली होती. शाळेच्या कौलांतून उन्हाचा कवडसा मास्तरांच्या टकलावर पडायचा, बाहेर काजूचा मोहर दरवळायचा, आणि मला वाटायचं की जगात कुठेतरी खरोखरच सोन्याची कवाडं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या एका देखण्या पक्ष्याच्या कमरेला आहेत. त्या कवितेनं मला आयुष्यभर फसवलं. ज्या कोणी ती लिहिली त्यानं कोंबडा फक्त पानात वाढलेला पाहिला असणार. आमचा तुरेवाला पहाट व्हायच्या कितीतरी आधी ओरडतो, मग विसरल्यासारखा थांबतो, आणि खरा सूर्य उगवतो तेव्हा हा खताच्या ढिगात किडे वेचत असतो. कवाडं सूर्यानं आपली आपणच उघडून घ्यायची.

या कोंबड्याची जन्मकथा तुम्हाला ठाऊक असायला हवी, कारण तिच्या मुळाशी मी आहे. गेल्या वर्षी मला छातीत कफ होऊन ताप चढला, हॉस्पिटलात नाकाला नळी लावली, डॉक्टरांनी माझ्या सुकेशला बाजूला घेऊन ‘नातेवाइकांना कळवून ठेवा’ म्हणून सांगितलं. नातेवाईक येऊन रडून गेले. (तुम्ही आला होतात, रडला नव्हतात, पण माझी संत्री खाल्लीत.) तेव्हा आमच्या वारिजानं अंगणातलं एक तांबडं पिल्लू उचललं, घराच्या राखणदार दैवताच्या ओट्यासमोर धरलं आणि नवस बोलली, माझ्या भावाला जिवंत घरी आण, येत्या कोलाच्या रात्री माणसाच्या अंगात येऊन नाचशील तेव्हा हा कोंबडा तुझा. बहीण असावी तर अशी. त्या दिवसापासून तो राखणदाराचा झाला. नवसाच्या कोंबड्याला मारायचं नाही, टोपलीखाली डांबायचं नाही, विकायचं नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही. आणि मी बरा झालो. इथेच माझं चुकलं.

माझ्या औषधांच्या बरोबरीनं तो वाढला. मला सकाळी वारिजा म्हणते, ‘‘अण्णा, ऊठ रे, पेज निवतेय.’’ त्याला म्हणते, ‘‘या हो या, दमलात का?’’ मला कालची चटणी, त्याला ताजं खोबरं. लहानपणापासून सगळे पुढे पुढे करायला लागले की जे व्हायचं तेच झालं. आमच्या तालुक्यातले दोन-तीन पुढारी याच वळणावर गेलेत. त्यात आमचं न्हाणीघर अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, नारळीच्या आळ्याशेजारी, हे तुम्हाला माहीत आहे. तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याची आंघोळ हे माझ्या म्हातारपणाचं शेवटचं ऐश्वर्य, आणि त्याच्या वाटेवर हा उभा. त्याची रीत सांगतो. तो समोरून येत नाही. आधी भलतीकडे बघतो, जमिनीवर काहीतरी सापडल्यासारखं करतो, तिरका तिरका सरकतो. मग कोर्टात वकील कोटाची बाही सावरतो तसा एक पंख खाली सोडून पायावर घासतो. आपण म्हणतो, गेला बुवा. आपण पाठ फिरवतो. आणि पायामागच्या त्या शिंगासारख्या काट्यांसकट तो आपल्या पोटरीवर येऊन आदळतो. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात उघडी छत्री, खांद्यावर पंचा अशा थाटात मी रोज आंघोळीला निघतो. शेजारचे लोक कुंपणाशी बघायला थांबतात. यक्षगानाला इतकी गर्दी होत नाही हल्ली.

ढोरांच्या डॉक्टराला विचारलं. तो म्हणाला, ‘‘पळायचं नाही. पळालात की संपलं. सरळ धरा, काखेत घाला, मान खाली दाबा आणि कोंबड्यांच्या देखत अंगणभर फिरवा. घरात मोठा कोण ते त्याला कळू द्या.’’ मी घरी येऊन वारिजाला सांगितलं. ती नीर डोसे घालत होती. तवा खाली ठेवून म्हणाली, ‘‘राखणदाराच्या कोंबड्याची मान दाबणार? आधी माझी दाब.’’ घरात मोठा कोण हा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

मग मी म्हटलं, प्राणी झाला तरी लयीला वश होतो. एका सकाळी छत्री मिटली, त्याच्यापुढे उभा राहिलो आणि पंडित मास्तरांच्या चालीवर त्याचीच कविता त्याला म्हणून दाखवली. अण्णा, खोटं सांगत नाही, पहिलं कडवं त्यानं मान कलती करून ऐकलं. काजूचा मोहर, मास्तरांचं टक्कल, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. दुसऱ्या कडव्याला सूर्याकडे दोन्ही हात उंचावून दाखवायचे असतात (मास्तरांनी अभिनयासकट बसवलं होतं). मी हात उंचावले, तसं धोतर पोटरीवरून वर सरकलं. पट्टी आहे ती या काव्यवाचनाची. माझ्या पाठांतराला इतकी तत्काळ दाद उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

आणि कुणाला वाटेल, चला, निदान शूर तरी आहे. त्याचंही ऐका. झुंजीचे कोंबडे पाळणारा शेसप्पा मुद्दाम बघायला आला. अंगणभर फिरून त्यानं त्याची छाती पाहिली, पाय पाहिले, वा वा केलं. तेवढ्यात शेजारच्या घरचा एक मरतुकडा, अर्धी शेपटी गळालेला कोंबडा कुंपणावरून इकडे उतरला. आमचा वीर खुराड्यात शिरला तो शेसप्पा जाईपर्यंत बाहेर आला नाही.

‘‘अण्णा,’’ शेसप्पा पान थुंकत म्हणाला, ‘‘हा कोंबड्यावर जाणारा नव्हे. हा माणूस बघून जातो.’’

‘‘कसला माणूस?’’

‘‘ज्याच्यामागे कोणी नाही असा.’’

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तर हा सगळा जाच शिवरात्रीनंतरच्या कोलाला संपायचा होता. वारिजानं नारळ काढून ठेवले, मी मनातल्या मनात रोट्टी आणि कोंबडीचा रस्सा कितीतरी वेळा जेवून ठेवला. आणि ऐन वेळी मस्कतमध्ये आपला वसंत गेला. वसंत म्हणजे कोण हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्याला घराण्यातल्या कुणी शेवटचं पाहिलं तेव्हा तो म्हणे शाळेची पाटी चाटत होता. पण एका वंशाचा, म्हणून सूतक, म्हणून कोल पुढे ढकलला. ढकलणारे यजमान तुम्ही. माझ्या पोटरीला कुणी विचारलं नाही.

बिसूला सुकेश मंगळुराहून आला. गाडीचं दार उघडून त्यानं एक पाय बाहेर ठेवला आणि तो पाय परत आत घेतला. माझा मुलगा बँकेत मोठा साहेब आहे, त्याच्या हाताखाली पुष्कळ माणसं थरथरतात. वडिलांशी सणाचं बोलणं त्यानं काच चार बोटं खाली करून केलं. मी छत्री घेऊन गाडीशी उभा, आणि तुरेवाला बॉनेटवर.

‘‘पप्पा, हे असं किती दिवस चालायचं? तुम्हाला साखर आहे. पायाची जखम चिघळली तर?’’

‘‘मग याला ने.’’

‘‘याला नेता येत नाही म्हणते आत्या. म्हणून तुम्ही चला. नवव्या मजल्यावर कोंबडा येत नाही.’’

‘‘नवव्या मजल्यावर काय येतं?’’

‘‘लिफ्ट येते, पप्पा.’’

वारिजा पडवीतून ओरडली, ‘‘आत्ता नाही न्यायचं हां, सुकेश! ज्याच्यासाठी नवस, त्यानं तो फेडल्याशिवाय घर सोडायचं नाही. मूळ घराची रीत आहे. बळीआधी कोंबड्याच्या डोक्यावर तांदूळ याच्याच हातानं पडले पाहिजेत.’’

‘‘बरं, मग कोल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन हजर. पप्पांची पिशवी भरून ठेव.’’ असं म्हणून त्यानं काच वर केली. पिशवी भरायला माझं आहे काय? दोन धोतरं, एक चष्मा आणि चौथीचं पुस्तक, त्याचंही पहिलं पान गेलेलं. बघा अण्णा, माझी अवस्था. त्याला कुणी घालवू शकत नाही, मला कुणी नेऊ शकत नाही. एकाच नवसाच्या दोन टोकांना आम्ही दोघं बांधलेले, आणि खोबरं फक्त एका टोकाला मिळतं.

म्हणून हात जोडून विनंती करतो. सूतक कधीच फिटलं. पत्तनाजेच्या दिवसाला अजून अवकाश आहे; तो उलटला की घुंगरं खुंटीला लागतात आणि मग दिवाळीपर्यंत राखणदार नाचत नाही. तुम्ही यजमान आहात, तुमच्या एका शब्दावर तारीख ठरते. ताबडतोब ठरवा. मी त्याच्या डोक्यावर तांदूळ अशा हातानं टाकीन की राखणदारसुद्धा म्हणेल, याच्या मनात भक्ती दाटली आहे. आणि त्याची एक तंगडी माझ्या पानात वाढायला सांगा. डावी. वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, ते घेत असतील तर.

तुमचा आज्ञाधारक
थ्यांपण्णा

ता. क. पोस्टमन लिगोरी आमच्या फाटकातून आत येत नाही, टपाल भाताच्या गिरणीत ठेवून जातो. म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो फोडून वाचतो, पण पोचवतो.

ता. क. दुसरं. तारखेची तशी घाई नाही. आजारपणाच्या आधीच्या दिवाळीत मी सुकेशकडे राहिलो होतो, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. सून फार चांगली आहे. तिनं मला गॅलरीत खुर्ची दिली. त्या खुर्चीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते आणि तिथेही एका म्हाताऱ्याला कुणीतरी खुर्ची दिलेली आहे. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. एका सकाळी मी सहज कविता म्हणायला लागलो, तर सुनेनं अगदी हळूच येऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. मुलांचा अभ्यास असतो. रागावली नाही, दार लावताना हसलीसुद्धा. अण्णा, इथे मी चोची खातो, पण निदान कुणीतरी माझी वाट बघत असतं.

ता. क. तिसरं, आणि हे वारिजाला कळू देऊ नका. परवा तो दाणे टिपेना. तुरा काळवंडलेला, डोळा मिटलेला, एका पायावर उभा. माझ्या काळजाचं पाणी झालं. लसूण, मिरी आणि हळद वाटून भातात कालवली, त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि स्वतःच्या हातानं भरवली. काल त्यानं माझा अंगठा फोडला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हा वर लिहिलेलं काही मनावर घेऊ नका. पत्तनाजे उलटू द्या. सुकेशचा फोन येईल. त्याला दमा म्हणा, पंचांग म्हणा, ज्योतिषी गावाला गेलाय म्हणा, काहीही म्हणा. दिवाळीनंतर पुन्हा तारखेचा विषय निघेल हे मला कळतं. पण आपलं घराणं मोठं आहे, कुवेतला आणि दुबईला बरीच माणसं आहेत आणि सगळ्यांची वयं झाली आहेत. कुणीतरी सूतक देईलच. आणि तोवर कुणीच नाही गेलं, तर मी आहेच.