गावाचा रकाना

४ जून २००१, लातूर
आज मन्मथ सरांच्या क्लासमध्ये रुजू झालो. कॉम्प्युटर मी सांभाळायचे. बदल्यात पगार, शिवाय बहिणीची, म्हणजे अर्शियाची, फी आणि होस्टेल माफ. तिचं बारावीचं हे दुसरं वर्ष. यंदा मेडिकलला लागली नाही तर अम्मी तिचं लग्न लावून मोकळी होईल. उदगीरच्या बसमधून उतरताना बाईसाहेबांनी बजावलं, भाईजान, क्लासात ओळख दाखवू नका. बरं बाई!

ऑफिसात तीन कॉम्प्युटर, पण विद्यार्थ्यांच्या नोंदींची फाईल एकच, सरांच्या केबिनमधल्या मशीनवर. बाकी दोन मशीन वायरीतून तीच उघडतात. क्लार्क पंचशीलाताई म्हणाल्या, एक नाव शोधाया टाकून मी डबा खाऊन येते, तरी ते हुडकूनच राहिलेलं असतंय.

७ जून
दुखणं सापडलं. नाव एकच हवं असलं तरी अख्खी फाईल वायरीतून ओढली जाते. तिचं अंग उतरवायला हवं. "प्रवेश" रकान्यात नवे किंवा जुने. जुने म्हणजे रिपीटर. "गाव" रकान्यातही नवे किंवा जुने! १९९३च्या भूकंपानंतर सरकारनं वसवलं ते नवं गाव, ढिगाऱ्याखाली गेलं ते जुनं. ताईंनी सांगितलं, त्या वर्षी क्लासची काही पोरं गणपतीला गावी गेली ती तिथंच राहिली. त्यांच्याच नावापुढं "जुने" आहे, आणि सर ती नावं काढू देत नाहीत.

तेच दोन शब्द दोनदा कशाला? दोन्ही रकान्यांचा एक केला. फाईल पळायला लागली! सरांनी खूश होऊन गरम भजी मागवली.

१४ जून
पुन्हा मंद. फाईल कोणकोणत्या मशीनवर उघडी आहे ते पाहिलं. आमची तीन, आणि एक चौथं, बिननावाचं. सगळ्या वायरी तपासल्या. चौथं मशीन इथं नाहीच. ते फक्त "जुने"वाल्यांच्या नोंदी उघडतंय, एकामागून एक.

१६ जून
काल त्या चौथ्यानं भोकरच्या बुद्धप्रियाची नोंद उघडली होती. आज तिच्या नावापुढं लिहिलंय, गावी गेली. आमच्यापैकी कुणी लिहिलेलं नाही. होस्टेलात तिच्या गादीवर माती आणि दगडाचा चुरा. वडील भोकरहून फोन करून विचारतात, आमची पोरगी कुठं हाय?

१८ जून
होस्टेलातली नाजियाही गेली. भिऊन उमरीला परतली होती, तिथून, आपल्या घरातून. तीही रिपीटर. ताईंना रकान्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, भाऊ, ती भूकंपात गेलेली पोरं आपल्या गावची माणसं गोळा करून राहिलीत. तुम्ही समद्या रिपीटरांना त्यांच्या गावचं करून ठेवलं.

हे मी केलं. अर्शियाही रिपीटर आहे. मला फार भीती वाटते.

१९ जून
रकाना पुन्हा वेगळा होत नाही — फाईल दुसरीकडे उघडी आहे म्हणतं. केबिनचं मशीन बंद केलं — फाईल तरीही चालूच. अर्शियाला उदगीरला नेऊन उपयोग नाही. नाजिया घरातच होती.

एकच मार्ग. नोंद जो आधी उघडेल त्याच्याच हातात राहते. अर्शियाची मी उघडून धरली आहे. तिच्यापुढचं "जुने" काही केल्या पुसलं जात नाही, पण सोडणार नाही.

२१ जून
जागचा उठलो नाही. अर्शिया शेजारी बसून अभ्यास करते. अजून तिला काही —

लाईट गेली. यूपीएस ओरडतंय — सर जनरेटरकडे धावले — पडदा काळा —

आली. फाईल उघडतेय — सावकाश — या अल्लाह, लवकर —

"ही नोंद दुसऱ्याने उघडली आहे. थांबा."

अर्शिया उठली. म्हणते, भाईजान, बाहेर बोलावून राहिलेत, गावी जाऊन येते. कुठलं गाव — आपलं तर उदगीर — मी तिचा हात घट्ट धरलाय, पण मुठीत नुसती मा