सहा हिरवे ड्रम

२ मार्च, सोमवार
आज मला वस्तीचा पर्यावरण सेक्रेटरी नेमलं. चेअरमन कालेमा म्हणाले, दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. खरं तर मीही केला नव्हता, कान खाजवत होतो. पण माणसं बरोबर ओळखतात.
११ एप्रिलला नगरपालिकेच्या बाई पाहणीला येणार. जी वस्ती सगळ्यात स्वच्छ, तिथे दर आठवड्याला कचऱ्याची गाडी. ही गाडी मी आणणार. नवी वही घेतली.

५ मार्च
पाहणी केली. सगळ्यात मोठा दोष म्हणजे टेओपिस्टा. ही विधवा बाई पाठीवर पोतं घेऊन घरोघरच्या मटोक्याच्या, म्हणजे हिरव्या केळ्यांच्या, साली गोळा करते, तिच्या सान्यू नावाच्या गाईसाठी. चार साली रस्त्यात सांडतात. नगरपालिकेच्या बाई पाहतील तर काय म्हणतील?
तिला समज दिली. म्हणाली, सेक्रेटरीसाहेब, तुमच्या दारातल्या साली मी कोंबडा आरवायच्या आत उचलते, म्हणून तुम्हाला तुमचा कचरा कधी दिसलाच नाही. जीभ फार लांब आहे.
सालींच्या बदल्यात ती आम्हाला रोज कपभर दूध देते. तो विषय वेगळा.

८ मार्च, रविवार
चर्चहून आल्यावर सहा ड्रम रंगवले. हिरवे, झाकणाचे, वर कुलूप. टाकायला झाकणात भोक. वर अक्षरं मीच काढली. बायको नालवोगा म्हणाली, अहो, तीन ड्रमवर स्पेलिंग वेगवेगळं आहे. लांबून दिसत नाही.
नियम: सगळा कचरा ड्रममध्येच. साल, राख, प्लास्टिकची पिशवी, सगळं. ड्रममधून कुणी काहीही काढायचं नाही. किल्ल्या माझ्या गळ्यात.

१२ मार्च
ड्रम भरले. चार दिवसांत! लोकांना माझी योजना पटल्याचा पुरावा.
रिकामे कुठे करायचे, हे चेअरमनना विचारलं. म्हणाले, गाडी आली की. गाडी कधी येणार? पहिला नंबर आला की. आणि नंबर कधी येणार? स्वच्छता असली की. हे मी आधीच ध्यानात घेतलं होतं. बहुतेक घेतलं होतं.
वास आहे. ऊन फार आहे ना.

१९ मार्च
टेओपिस्टा दारात. सान्यू गाभण आहे, दलदलीतलं गवत आणायला दोन तास चालावं लागतं, गुडघे साथ देत नाहीत. म्हणाली, भाऊ, साली तेवढ्या वेगळ्या ठेवायला सांगा. मी सांगितलं, एकीसाठी नियम वाकवला की दुसरी दारात उभी. तरी मन मोठं करून एक ड्रम उघडला. तिने आत पाहिलं आणि झाकण लावलं. म्हणाली, ह्यात पिशव्या कालवल्यात तुम्ही. एक जरी पोटात गेली तर गाय जाईल.
देऊनही घेत नाही, त्याला मी काय करू? 
नऊ तारखेपासून दूध नाही. या वयात कोरा चहाच बरा.

२६ मार्च
तीन दिवस पाऊस. ड्रम भरून वाहिले. काळं पाणी उतारावरून थेट झऱ्यात. अख्खी वस्ती त्या झऱ्याचं पाणी भरते. शेजारच्या लुकवागोचं पोट बिघडलं. माझंही, पण माझं काळजीमुळे. नालवोगा पाणी दोनदा उकळते आणि भांडी आपटते.
नगरपालिकेला पत्र लिहिलं: अजून बारा ड्रम पाठवावेत.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
सान्यूला विकलं. मित्याना गावाकडचा कुणी व्यापारी लॉरी घेऊन आला. टेओपिस्टा दोर धरून लॉरीपर्यंत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गाईने पाहिलं.
नालवोगा दिवसभर तिच्याजवळ बसून आली. मला म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय. एवढंच.
नियम सगळ्यांना सारखा असतो. हे मी दोनदा लिहून पाहिलं, बरं काही वाटलं नाही.

११ एप्रिल, शनिवार
बाई आल्या. नाकाला रुमाल. मी भाषण काढलं, त्यांनी हाताने थांबवलं.
फाइल उघडून म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या पाहणीत सगळ्यात कमी कचरा तुमच्या वस्तीत होता. इथल्या साली कुणाच्या तरी गाईला जात होत्या म्हणे. तीच पद्धत आम्हाला सगळ्या गावात न्यायची आहे. साली घरातच वेगळ्या, त्या जनावरांना. मग उरतं थोडं, त्याला गाडी महिन्यातून एकदा पुरते. ज्यांची गाय आहे त्यांना गोठ्यासाठी पत्रे द्यायचेत. कोण ते?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ड्रमकडे.
चेअरमन म्हणाले, सांगा की सेक्रेटरी. मी म्हणालो, बाई, तो विषय वेगळा.

१२ एप्रिल
सकाळी स्वतः साली वेगळ्या काढल्या. नीट, एकेक. टोपली डोक्यावर घेऊन टेओपिस्टाकडे गेलो. वाटेत लुकवागो म्हणाला, गाय कुठंय सेक्रेटरी, तुम्हीच खाणार की काय? थांबलो नाही.
तिला म्हणालो, मित्यानाला जातो, व्यापाऱ्याला शोधतो. तिने टोपलीत हात घातला, तळातून प्लास्टिकच्या निळ्या पिशवीचा तुकडा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि दार लावून घेतलं.
तुकडा अजून खिशात आहे. ड्रम सहाही भरलेले. कुठे टाकावा, कळत नाही.